टेकू

डावा खुबा रात्री दोनला उठतो.
आधी तो, मग मी.
बंदरावर बर्फाची गाडी येते त्याच्या जरा आधी,
म्हणजे घड्याळ बघावं लागत नाही.

खुबा म्हणाली दापोलीची ती फिजिओ, सुहाना मुकादम,
आणि मला हसू आलं.
आमचे खुबे खाडीत मिळतात,
ओहोटीला, अंगठ्याने चिखल चाचपत.
उकडले की आपोआप तोंड उघडतात.
हा मेला उघडत नाही, मिटत नाही,
नुसती आत वाळू कचकचते.

"कुठल्या कुशीवर झोपता?"
डाव्या.
"डाव्याच का?"
आता काय काय सांगू हिला.
डाव्या कडेवर तीन पोरं वाढली,
चौथं जाऊबाईंचं.
डाव्या कडेवर कळशी,
आणि टोपली डोक्यावर चढवण्याआधी
घटकाभर टेकायची तीही तिथेच,
हर्णैच्या लिलावापासून आसूदच्या चढापर्यंत
बत्तीस वर्षं.
उजवा हात मोकळा लागतो ना,
सुटे मोजायला, माश्या हाकायला,
पडेल भाव सांगणाऱ्याला नको म्हणायला.

ती म्हणाली, आता उजव्या कुशीवर झोपा.
गुडघ्यांच्या मधे उशी, पार घोट्यापर्यंत.
गुडघे पोटाशी फार ओढू नका.
कमरेखाली पोकळी राहते, तिथे टॉवेलची घडी.
मी मान डोलावली.
घरी येऊन उशी घेतली, ती रात्रीत पळाली.
सकाळी पायथ्याशी सापडली,
वर मांजर.

हे बघत होते. तीन रात्री काही बोलले नाहीत.
यांचा जन्म होड्यांत गेला, पण पाण्यावर नाही,
वाळूवर. कुजकी फळी काढ, नवी बसव,
फटीत कापूस ठोक, राळ ओत.
चौथ्या रात्री मोबाईलचा उजेड पाडून म्हणाले,
"पड. हलू नको.
बघू दे, कुठे टेकत नाहीस ते."

कुठे दुखतं, सगळे विचारतात.
हे कोणी विचारलं नव्हतं.

"होडी वर ओढली की कलंडते. कलंडू द्यायची.
पण पोटाखाली टेकू हवा,
नाहीतर तिचं वजनच तिला खातं.
आणि टेकू ठोकायचा नसतो कधी,
सरकवत न्यायचा,
ती आपण होऊन अंग टाकेपर्यंत."
एवढं लांबलचक हे लग्नातसुद्धा बोलले नव्हते.

मग दोन दिवस पडवीत दाभण चाललं.
माझं जुनं लुगडं, आत शेजारच्या सावरीचा कापूस,
गुडघ्याकडे जाड, घोट्याकडे निमुळती,
अगदी होडीच्या नाळेसारखी.
पळू नये म्हणून एक नाडी,
ओढली की सुटेल अशा गाठीची.
पोरं हसली. हसू देत.

दुखणं गेलं असं नाही.
पण आता साडेतीनला येतं,
आणि दार वाजवून येतं.

फक्त एक झालं.
डाव्या कुशीवर समोर भिंत असायची,
पोपडे, कॅलेंडर, खिळा.
उजव्या कुशीवर हे.
इतकी वर्षं पाठीमागून ऐकलेलं घोरणं
आता तोंडासकट दिसतं,
उकडलेल्या खुब्यासारखं उघडं.

परवा मात्र घोरणं नव्हतं.
डोळे आढ्याला, एक हात दुसऱ्या खांद्यावर.
"जागे आहात?"
"नाही."
"कधीपासून दुखतोय?"
"झोप तू."

बर्फाची गाडी आली, लाद्या घसरल्या.
मी कमरेखालची घडी ओढली,
यांच्या दंडाखाली सरकवत नेली,
हळूहळू,
कुठे टेकत नाही ते हातानेच बघत.
बराच वेळ ताठ होते.
मग हात जड झाला.

टॉवेल आणखी एक काढायला हवा उद्या.
मासळीचा नको, तो वेगळा.