सत्तेचाळीस

सांदॉय बेटावरच्या लोकर सोसायटीने
स्वतःचा आयपी पत्ता घेतला,
ज्या साली कड्यावरून पासष्ट मेंढ्या गेल्या
त्याच साली.

दार नाही, खिडकी नाही, पाटी नाही.
दोनशे तीन, शून्य, एकशे तेरा, सत्तेचाळीस.
मार्युनने डिझेलच्या बिलामागे आकडे लिहून घेतले
आणि सत्तेचाळीसखाली रेघ मारली,
मालकीची.

आत्तापर्यंत आपल्या ईमेल सामाईक पत्त्यावरून जायच्या,
भाचा हेयिन तोर्सहावनहून फोनवर सांगत होता,
त्याच पत्त्यावरून कुणी जुगाराच्या जाहिराती सोडतो,
कुणी टकलावरची औषधं.
पत त्यांची जाते, अडकतं आपलं पत्र.
सुक्याबरोबर ओलंही जळतं, मावशी.
आपल्याकडे सुकं असतं काय? मार्युन म्हणाली.
बाहेर तिसऱ्या दिवशीही पाऊस तिरपा होता.

नवा पत्ता थंड असतो म्हणे.
त्याला हळूहळू ऊब द्यायची,
विरजण लावल्यासारखी:
आधी चमचाभर ओळखीचं,
मग बेताने दूध,
मग झाकून गप्प बसायचं. हलवलं की बिघडलं.
पहिल्या दिवशी वीसच ईमेल,
अशा माणसांना, जी हमखास उघडतील.
मार्युनने यादी केली:
हालिफॅक्सची विणकर बाई, जी पावतीलासुद्धा उत्तर लिहिते.
अ‍ॅबर्डीनचा म्हातारा दंतवैद्य, फक्त मोजे विणणारा.
आणि तिची सख्खी बहीण,
जी उघडत नाही,
पण विचारलं तर उघडलं म्हणते.

दुसऱ्या दिवशी चाळीस. मग ऐंशी.
जून संपेतो सगळ्या चारशे पोचल्या.
हेयिनने फोनवर शिट्टी वाजवली.

पण सोसायटीला बोलायचं असतं ते किती?
कातरणी झाली की चारशे,
मग थेट पुढचा जून.
मधले अकरा महिने सत्तेचाळीस
धक्क्याला बांधलेल्या रिकाम्या बोटीसारखा.
आणि पलीकडची यंत्रं दुधाने पोळलेली,
ताकही फुंकून पिणारी.
पुढच्या जूनमध्ये त्यांनी विचारलं: कोण तुम्ही?
नावावर गुन्हा नाही, मान्य.
पण नाव तरी कुठे आहे?
चारशेतल्या तीनशे स्पॅममध्ये गेल्या.
बहीण म्हणाली, मी उघडली.

ऑक्टोबरात मेंढ्या खाली आणल्या.
दगडी आवारात, धुक्यात, अंगाला अंग लागून दोनशे.
मार्युन बघत नाहीच,
कानावरून अंगठा फिरवते:
डावा टोकाला छाटलेला, उजव्याला मागून खाच,
आमची.
दोन खाचा, योआन्नेसची, ढकल तिकडे.
कुरण सगळ्यांचं.
एकीला खरूज झाली तर औषध अख्ख्या कळपाला,
कुणी कुरकुरत नाही. म्हणजे योआन्नेस कुरकुरतो, पण पैसे देतो.
हाताला लोकरीचं तेल, पुढचा कान चिमटीत,
आणि ती थांबली.
एकुलती एक मेंढी असती बेटावर
तर तिचा कान कशाला कापला असता कुणी?

संध्याकाळी फोन केला: परत सामाईकात घाल.
आणि जुगारवाले? हेयिनने विचारलं.
त्यांना हाकलणारा कुणी असतो ना?
नसेल तर असा कळप शोध
जिथे असेल.

महिनाअखेर सत्तेचाळीस सुटला.
आता कुणाकडे जाईल, काय पाठवेल,
कोण जाणे.
ज्याला मिळेल त्याला कळणारही नाही
की या आकड्यांवरून एकदा
हालिफॅक्सच्या बाईला कळवलं होतं,
करडी लोकर संपली,
आणि तिने अर्ध्या तासात लिहिलं होतं,
मग काळी पाठवा.