एक दाता

त्सियालाबाई गाडी घेऊन आल्या तेव्हा
रिओनी नदीवरचं धुकं
गॅरेजच्या पत्र्यावरून अजून उठलं नव्हतं.
काळपट हिरवी ओपेल,
मागच्या सीटवर आंबट आलुबुखारांच्या चटणीच्या बरण्या,
आरशाला चिमुकला क्रूस.
"कुठे जातच नाही हो ती," त्या म्हणाल्या,
"सेवेरियन गेल्यापासून फक्त रविवारी, दहा मिनिटं,
अंगणात अक्रोडाखाली
सुरू करून बसते मी तिच्यात.
पट्टा झिजेलच कसा?"

मी कव्हर काढलं, त्यांना जवळ बोलावलं,
पट्टा बोटानं थोडा पिरगाळून दाखवला.
दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा,
अनवाणी फिरणाऱ्याच्या टाचेला असतात तशा.
रबराला किलोमीटर कळत नाहीत, बाई.
वर्षं कळतात.
जागच्या जागी उभं राहूनही ते म्हातारं होतं.
आणि साखळी निदान खडखडून सांगते,
हा बिचारा सांगत नाही.
एका क्षणी तुटतो,
वॉल्व्ह असतात उघडे, खालून पिस्टन येतो वर
आणि आदळतो.
मग मला बोलावू नका,
भंगारवाल्याला बोलवा.

त्या हसल्या नाहीत.
स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर.

कव्हर पुसायला उलटं केलं तर
आतल्या बाजूला खिळ्यानं कोरलेलं:
बदलला. ४ मे २००९. ७१,४०० कि.मी.
आणि खाली, आणखी बारीक अक्षरांत:
एकट्याने.

जुना पट्टा काढण्याआधी खुणा जुळवून घ्यायच्या असतात.
पाना लावला, इंजिन हातानं फिरवलं.
खालची खूण बरोबर जागेवर.
वरची एक दाता पुढे.
वाटलं माझीच नजर चुकली,
पुन्हा दोन फेरे दिले.
एक दाता पुढेच.

"थांबली की थरथरते का हो ही?"
"थरथरते तर! सिग्नलला उभी राहिली
की मांडीवरची अंडी वाजायची पिशवीत.
सेवेरियन म्हणायचा, हिचं रक्तच गरम.
कधीपासून ते मात्र... आधीपासूनच असेल."
लुखुमनं तोंड उघडलं. पोरगं नवीन आहे.
मी त्याला कूलंट आणायला पिटाळलं
आणि स्वतः मूग गिळले.

पाण्याचा पंपही बदलला,
एवढं उघडल्यावर तो कशाला ठेवा.
नवा पट्टा खालून वर चढवत नेला,
ढील सगळी टेन्शनरच्या बाजूला.
मग पुन्हा हातानं, सावकाश, दोन पूर्ण फेरे.
कुठे अडलं तर तिथेच थांबायचं असतं.
हाताला अडलेलं कळतं.
स्टार्टरला नाही कळत, तो रेटतो.
पांढऱ्यासमोर पांढरं आलं.
मी श्वास सोडला, हे लुखुमनं पाहिलं.

कव्हर लावण्याआधी खिळा घेतला,
सेवेरियनच्या खाली आजची तारीख, १,१२,०००.
दात्याबद्दल काही कोरलं नाही.

चावी फिरवली.
बॉनेटच्या कडेला विसरलेला पाना
होता तिथेच पडून राहिला,
कुठेच घसरला नाही.
त्सियालाबाई उठल्या,
पंख्यापासून लांब, पत्र्यावर तळहात ठेवला.
बराच वेळ.
"बंद पडली का?"
"नाही बाई, चालू आहे."
"मग थरथर कुठे गेली?"

इतकी वर्षं या धंद्यात आहे,
बिलात न लिहिलेल्या गोष्टीही केल्यात,
पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
"नवा पट्टा आहे," मी म्हणालो,
"नव्याचे नऊ दिवस."
त्यांनी मान हलवली, पैसे मोजले,
एक बरणी ठेवून गेल्या.
फाटकापाशी गाडी उगाच थांबली,
रस्ता मोकळा असताना.

दहाव्या दिवशी फोन आला.
मी एका ट्रकखाली आडवा, हातात ग्रीस,
लुखुमनं फोन माझ्या कानाला धरला.
मागे अक्रोडात कावळे, आणि इंजिन,
ऐकू येईल न येईल इतकं.
"अजून शांतच आहे हो," त्या म्हणाल्या.