बसून वाजवताना

बाई म्हणाल्या, सगळ्यांनी बसून वाजवायचं.
आम्ही अकरा जणांनी एकमेकांकडं पाहिलं.
नवरंग ब्रास बँडनं एकतीस वर्षांत
बसून एक सूर काढलेला नाही.
घोड्याच्या पुढं, नवरदेवाच्या मावसभावांच्या धक्क्यात,
शेणातून, चिखलातून
चालत वाजवलं.
माझी क्लॅरिनेट पायांनी वाजते,
ओठ निमित्ताला.

खुर्च्या लाल, प्लास्टिकच्या, मंगल कार्यालयाच्या.
उजवीकडं नागपूरहून आलेली आठ व्हायोलिनं.
डावीकडं नाटक कंपनीचा ऑर्गन
आणि त्याच्यामागं चिंतामण लांजेवार,
ज्यांनी जन्मभर खलनायकाच्या एन्ट्रीला वाजवलं.
त्यांनी काळी दोन दाबली
आणि आम्ही सगळे तिच्यात शिरलो,
उशिरा आलेले पाहुणे
सतरंजीवर सरकत सरकत जागा करतात तसे.

समोर बेचाळीस पोट्टे, सहावी ते नववी.
पांढरे सदरे, काहींचे मोठ्या भावाचे,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
जुनं बोरटोला यांच्यापैकी कोणीच पाहिलं नाही.
पाणी भरून पंचवीस वर्षं झाली,
म्हणून तर हा कार्यक्रम.
गेडाम बाईंनी म्हाताऱ्यांच्या खाटेशी बसून
नावं लिहून घेतली,
बांध्यांची, बोड्यांची, झाडांची,
आणि चालीवर बसवली.
लंबी बांधी. भुत्याची बोडी.
रांजीचा मोह. सोनाबाईची आंबराई.
पोट्टे ती अशी म्हणत
जशा परदेशांच्या राजधान्या पाठ करतात,
खणखणीत,
आणि आत कुठंच चिखल नाही.

मधे एक जागा होती, आठ मात्रांची.
'इथं कोणी काही वाजवायचं नाही,' बाई म्हणाल्या.
'इथं पाणी आहे.'
तालमीत दर वेळी आमच्या भाऊदासनं
त्या पाण्यात ढोल हाणला.
त्याचं तरी काय चुकलं?
वरातीत बँड थांबला की शिव्या पडतात,
शांततेचे पैसे कापतात.

त्या संध्याकाळी राइस मिल बंद ठेवली होती.
मोहफुलांचा वास स्टेजपर्यंत येत होता.
पहिल्या रांगेत साहेब लोक,
त्यांच्याही पुढं, जमिनीवर,
पाय लांब करून बसलेल्या म्हाताऱ्या.

सुरू झालं, आणि माझे पाय निघाले.
मला माहीत होतं ते कुठं निघाले.
रत्नमाला कुंभरेची वरात,
जुन्या गावातली शेवटची.
लोक चौकटी काढून बैलगाड्यांत टाकत होते,
उंबरठे तेवढे जमिनीत उरलेले,
आणि आम्ही त्या दारं नसलेल्या गल्लीतून
फुल आवाजात गेलो.
मी एकोणीस वर्षांचा होतो.
मला वाटलं, काय मजबूत वाजते आज.

'भुत्याची नाई रे!'
खालून एक म्हातारी ओरडली.
'भुऱ्याची! भुऱ्याची बोडी!'
साहेब वळून पाहू लागले.
बाईंचा हात हवेत जरासा हलला,
आणि दुसऱ्या फेरीला
बेचाळीस गळ्यांनी मुकाट्यानं
भुऱ्याला त्याची बोडी परत केली.

मग ती जागा आली.
व्हायोलिनं थांबली. ऑर्गन थांबला.
भाऊदासनं काठी मांडीखाली दाबून धरली.
आणि ऐकू आलं:
स्टेजच्या फळ्यांवर बूट.
माझेच आधी वाटले.
मग कळलं, अकराही जणांचे.
बसल्या जागी, कोणाकडं न पाहता,
नवरंग बँड पाण्यातून चालत होता.
बाईंनी डोळे मिटले. थांबवलं नाही.
नवव्या मात्रेला पोट्टे
त्या पायांवरच आत आले.

नंतर चिवडा वाटला. जनरेटरवाला घाई करत होता.
खुर्च्या एकात एक घालताना
एक पोट्टी जवळ आली, दोन वेण्या, पुढच्या रांगेतली.
'भाऊ, तुमचे पाय कुठं जाऊन राहिले होते?'
कोसऱ्याच्या विहिरीपर्यंत गेलो, मी म्हणालो.
तिथं वळायचं होतं,
तर तुमचं गाणंच संपलं.

'मंग डावीकडं का उजवीकडं?'

मी क्लॅरिनेट पुसत राहिलो.
उद्या सकाळी लाखांदूरला लग्न आहे.
डावीकडं, बहुतेक.