हेल

रात्री नऊला लॉबीतला मोठा दिवा मालवतो
आणि काउंटरखालचा टीव्ही लावतो, वहीएवढा.
साओ पावलो. सतरा मजले, दोन लिफ्ट :
एक आरशाची, राहणाऱ्यांची;
दुसरी कुत्री, कचरा, गॅसच्या टाक्या आणि आम्ही.

मालिकेतही इमारत आहे, तिलाही एक दारवान.
तोही माझ्याच मुलखाचा, सेआराचा,
दुसरीकडचा दारवान त्यांना सुचतच नाही.
त्याला आडनाव नाही, दाढ दुखत नाही,
चौऱ्याऐंशी भाग झाले, अजून एकदाही बसलेला नाही.
दार उघडतो, भलतंच ऐकतो,
भलतंच उत्तर देतो,
मग मालकीणबाई कपाळाला हात लावतात.

तो नट आमच्याच नवव्या मजल्यावर राहतो.
दक्षिणेकडच्या द्राक्षांच्या गावचा, आजोबा इटलीहून आलेले.
रंगवाल्या बायकांनी त्याला चार छटा खाली उतरवलाय,
तरी कानामागे गोरा राहतोच.

मार्चमध्ये एका दुपारी स्टूल ओढून बसला.
"जेनिवाल्दो, बोल ना जरा. काहीही बोल."

काहीही कसं बोलणार माणूस?
मी आईचं सांगितलं. किशादाचं धरण आटलं त्या सालचं.
डोक्यावरून पाण्याची हेल आणायची ती, दोन कोसांवरून,
आणि घरी आल्यावर आधी लहान भांडी भरायची,
कारण मोठं भांडं अर्धंच राहिलेलं
तिला बघवायचं नाही.
तिच्या बोलण्यातला हेल तिथूनच आला असणार :
मान ताठ, पाऊल मोजून,
आणि शब्द संपता संपता किंचित थबकायचं,
सांडू नये म्हणून.

त्यानं फोन माझ्या तोंडाजवळ धरला होता.
"वा! तो शेवटचा शब्द परत."
मी परत म्हटला.
"परत."
तिसऱ्या खेपेला त्यात आई नव्हती.

सत्तेचाळिसाव्या भागात तो शब्द आला,
मालकीणबाईंच्या कुत्र्याचं भांडं भरताना.

आईचा रविवारी फोन असतो.
"तो टीव्हीतला दारवान कुठला रे?
बोलतो बिचारा अडखळत.
परदेशातून आलाय का?"

सुएलेन इथंच जन्मली, तिच्या जिभेवर तिकडची धूळ नाही.
शाळेत त्याची नक्कल करते, वर्ग लोटपोट होतो.
परवा माझ्यापुढे उभी राहून करून दाखवली.
"पप्पा, जमतंय?"
काय सांगणार? म्हटलं,
शेवटी जरा थांब. एवढी घाई करू नकोस.
"तो तर थांबत नाही," म्हणाली.

आणि चौदाव्या मजल्यावरच्या दोना एस्तेला,
बावीस वर्षं रोज मला शुभरात्री म्हणणाऱ्या,
पार्सल घेताना गोड हसून म्हणाल्या,
"तुम्ही त्याच्यासारखं का हो नाही बोलत?
किती छान बोलतो तो."
मग मी बोललो.
त्याच्यासारखं.
ओठ सैल सोडून, डोळे मोठे करून, कान पुढे काढून.
त्यांना इतकं हसू आलं की पर्समधून वीस रेयाल निघाले.
नोट अजून खिशात आहे.
मोडायची आहे, पण मोडवत नाही.

काल रात्री अडीचला फाटकाची घंटा वाजली.
कॅमेऱ्यावर पाऊस नुसता, माणूस दिसेना.
"कोण?" मी विचारलं.
उत्तर आलं ते माझ्याच आवाजात,
माझ्या गावच्या सुरात, जरा प्यायलेलं :
"मी रे मी. किल्ली विसरलो."

क्षणभर वाटलं, बाहेर मीच भिजतोय.

मग कळ दाबली. जरा उशिराच.
तो आत आला, ओला, झिंगलेला, खांद्यावर थाप मारून गेला
आरशाच्या लिफ्टकडे.
फरशीवरची त्याची पावलं
मी पुसून काढली.