रकाना

जनगणनेची पिशवी खांद्याला लावून
मालवा मिलच्या मागच्या गल्लीत शिरले.
एक खोली. माणसं? नऊ.
सुगनबाईनं बोटांवर मोजली, मग पुन्हा,
पोटातलं धरायचं का, विचारलं.
पंखा एक. तेलाचा डबा कापून केलेली बादली.
ज्या सायकलीवर दोघं कामाला जातात
तिला घंटी नाही.
"फार झालो ना आम्ही, मॅडम?"
मी नुसतंच पेन झटकलं.

दुपारी स्कीम चौऱ्याहत्तर.
माणसं दोन, गाड्या चार.
साहेबांनी गार पाणी दिलं,
देशाचं काय होणार म्हणाले, इतकी पैदास!
मागे तीन एसी घामाघूम.
एवढा घाट चढून आलेली नर्मदा
त्यांच्या हिरवळीवर पाय पसरून.

फॉर्मला डोकी कळतात.
कुणाचं तोंड केवढं, त्याला रकाना नाही.
कोपऱ्यावर कचरागाडीवाली केसर भेटली:
"तिकडे नऊ जणांची ओंजळभर सालं, दीदी,
इथं दोघांचे तीन डबे.
खोकी वेगळी."

रात्री आमचाच फॉर्म. लोकमान्य नगर.
माणसं तीन, फ्रिज दोन.
दुसऱ्यात बाटल्या, बर्फ,
आणि राखीपासूनची मिठाई, जिला कुणी वाली नाही.
प्लग काढला.
घर इतकं गप्प झालं
की शेजारचं भांडण शब्दन् शब्द ऐकू आलं.
"लाइट गेली का गं?" आतून हे.
नाही, म्हटलं.

मग सुगनबाईचं पान उघडलं.
जन्मल्याशिवाय धरू नये, असा नियम आहे.
कडेला, पेन्सिलीनं,
एक टिंब दिलं.