पहिल्या सेकंदात

हलमधले टेलिफोनचे खोके लाल नसतात, सायीच्या रंगाचे असतात.
हे मला थ्वेटबाईंनी सांगितलं, अकरा वर्षांपूर्वी,
पहिल्याच भेटीत, नळी तोंडातून मध्येच काढून.
म्हणजे ती फुंकर बाद.
पुन्हा घ्यावी लागली.

माझं काम सोपं आहे. हेसल रोडवरची दारं वाजवायची,
भिंतीवरची बुरशी फूटपट्टीनं मोजायची,
आणि माणसाला म्हणायचं, छाती भरून घ्या,
आता सोडा, सोडा, सोडा, अजून आहे, अजून,
शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते
तो आकडा म्हणजे माझी नोकरी.

नोकरी म्हणजे सातवं कंत्राट.
एकतीस मार्चला संपतं.

बार्शीहून भाऊ विचारतो, डॉक्टर ना तू, मग औषध का देत नाहीस?
मी म्हणते, माझं औषध म्हणजे खिडकी.
कौन्सिलकडून मंजूर व्हायची आहे.

इव्होना होती, आकड्यांत माझ्याहून तल्लख.
तिसऱ्या कंत्राटानंतर विमा कंपनीत गेली.
टुंडे आता शाळेत जीवशास्त्र शिकवतो,
नाताळला कार्ड पाठवतो: अजून फुंकायला लावतेस का लोकांना?
फेनविकसरांसाठी केक कापला,
त्यांच्या खोलीत आता प्रिंटर आहे.

अर्जाचं उत्तर फेब्रुवारीत आलं.
प्रस्ताव उत्कृष्ट आहे, तथापि.
तथापिच्या पुढे मी आताशा वाचत नाही.

थ्वेटबाई सत्त्याऐंशीच्या. मासळीच्या कारखान्यात
उभं आयुष्य बर्फाच्या पाण्यात हात.
बोटं सरळ होत नाहीत, म्हणून नळी मी धरते.
"ठेवलं का गं तुला यंदा?"
मी मशीनशी खुडबुड करते.
"आमच्या लेनलाही दर फेरीला नवी सही करावी लागे.
आइसलंडच्या पाण्यात तीस वर्षं.
बोटी बंद झाल्या तेव्हा साहेब म्हणाले, तू तर हंगामी,
हंगामी माणसाला भरपाई कसली?"
मग त्या खोकतात.
खोकला माझ्या फॉर्मवर आहे, प्रश्न नववा.
लेनसाठी रकाना नाही.

त्यांना इंग्रजीत कसं सांगू,
की आमच्याकडे दम लागतो, दम धरतात, दम देतातही,
आणि दमा त्याच घरातला थोरला.
फक्त "दमले" म्हणायला
मला दोन्ही भाषांत जमलेलं नाही.

मशीन रोज सकाळी तपासावं लागतं,
एखाद्या निरोगी माणसाच्या फुंकरीनं.
तो निरोगी माणूस मी.
चोपडीत तारीख, आकडा, सही. अकरा वर्षं.
परवा रात्री टेबल आवरताना
त्या सगळ्याचा आलेख काढला.
वयानं जायचे ते गेलेत, तीनशेएक मिलिलिटर,
एक मग चहा.
पण दर मार्चला रेघ जराशी वाकते.
संख्याशास्त्र म्हणतं योगायोग,
एकच बाई, एकच छाती.
विद्यार्थ्यांना मीही हेच सांगते.

चोपडी कपाटात ठेवली. ती अभ्यासाच्या मालकीची.

थ्वेटबाईंची पुढची तारीख चौदा एप्रिल.
कॅलेंडरवर लिहिली आहे त्यांनी, वाकड्या बोटांनी,
माझ्या नावात नेहमीसारखा एक एच जास्त घालून.
मी काही बोलले नाही.
मशीन पेटीत भरलं, आणि उगाच म्हटलं,
खिडकी जरा उघडी ठेवत जा.

खिडकी जुन्या रंगानं चिकटलेली आहे, हे मीच नोंदवलंय,
सलग अकरा वेळा.
"ये मग," त्या म्हणाल्या, खुर्चीतून उठत.
दोघींनी खांदा लावला.
पहिल्या सेकंदात काहीच झालं नाही.