दोन बोटं माया

मशीन आमच्याकडे पलंगाच्या पायथ्याशी असते.
दिवसा तिच्यावर इस्त्रीचे कपडे,
संध्याकाळी कैवल्यचं दुकान
(बॉबिन दोन रुपयाला एक, सुटे नाहीत),
आणि रात्री साडेदहानंतर, नशीब असेल तर,
मशीन.

हिंदमात्याहून सव्वा मीटर पिवळं पॉपलीन आणलं
तेव्हा अबोली साडेतीन वर्षांची होती.
बेतलं, त्यावरची खडूची रेघ कैवल्यने चाटली.
कच्ची टीप घातली, मग त्याचा कान फुटला,
मग तिला कांजिण्या आल्या,
मग माझी आई आली, म्हणाली,
शिवत कसली बसतेस, विकत मिळतात की,
आणि चष्मा पुसून स्वतःच काज करायला घेतलं.
एकच झालं. तिची परतीची गाडी होती.

आता मुंढा काचतो. उसवते.
आत दोन बोटं माया सोडली होती, ती बाहेर येते.
खिडकीत पडून पडून बाकीचा फ्रॉक विटलाय,
माया मात्र दुकानातून आत्ता आणल्यासारखी.
दोन्ही बाजूंना दोन गडद पट्टे.
अबोली म्हणते, मुद्दाम केलंस ना?
हो म्हणते.

अकरा वाजले की खालून टकटक.
झाडू करंगुटकर काकूंचा,
त्यांचं छत, माझी लादी.
म्हणून अकरानंतर हातशिलाई.
हुक, काज, तुरपाई,
ही न वाजणारी कामं मी राखून ठेवते,
लोणच्याची फोड शेवटच्या भातासाठी ठेवावी तशी.
एकदा काकूच वर आल्या, पिशवीत ब्लाऊज.
ढिला कर गं, दंड भरलेत.
उसवून बघते तर आत मायाच नाही,
शिंप्याने कापड वाचवलेलं.
काखेत कळ्या घालून दिल्या, रंग थोडा चुकला.
टकटक आता साडेअकराला होते.

लोकरीचं वेगळं. लोकर पिशवीतून कुठेही येते.
लसीच्या रांगेत. बालवाडीच्या फाटकाशी.
कन्नमवार नगरच्या सिग्नलला, रिक्षात, अर्धी सुई.
बायका विचारतात, मुंबईत स्वेटर?
जानेवारीत असतात ना आठ दिवस, मी म्हणते.
हे काही खरं उत्तर नव्हे.
हातात फोन असला तर शैलेशला चहा आठवतो,
पेपर असला तर मुलांना भूक लागते.
सुया असल्या की मात्र
"एवढी सुई संपू दे" म्हणता येतं,
आणि लोक थांबतात.
घरात हे एवढं एकच वाक्य माझ्या मालकीचं आहे.

परवा शाळेतून चिठ्ठी आली.
अबोली अंक स्पष्ट म्हणते, परंतु
बेचाळीसनंतर पुन्हा एकपासून सुरू करते.
घरी लक्ष द्यावे.

चिठ्ठी हातात धरून मी ओट्याशी उभी राहिले.
पाठीचे टाके शहाण्णव.
मोठ्याने मोजते मी, नाहीतर चुकते,
आणि चाळिशीच्या आसपास कुणी ना कुणी,
शू, पाणी, कुकर, दारात इस्त्रीवाला,
मग उठून येऊन पुन्हा
एक, दोन, तीन.
तिला वाटलं असणार, आकडे तिथेच संपतात.
संपले की आई उठते.

रात्री तिला मांडीशी घेतलं.
सुई मी धरली, टाक्यांवर बोट तिचं.
चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस.
थांबली. सवयीने दाराकडे बघितलं.
कैवल्य पालथा झोपलेला,
कुकर घासून उपडा,
खालचा झाडूही गप्प.

त्रेचाळीस, मी म्हटलं.
याच्या पुढे पण असतं?
असतं. बोट ठेव.

एकसष्टाला तिचा डोळा लागला.
बोट अलगद काढून
तिथे लाल दोरा बांधून ठेवला.